घरासाठी साठविलेला पैसा : बचत की गुंतवणूक?

(शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याने घर बांधण्यातील यातायात जाणली होती. परंतु त्या घरासाठी पैसा साठविण्याचा काळ किती लांब आणि किती कसोटीचा असतो, याविषयी तो काहीच बोललेला नाही. कदाचित त्याच्या काळी जागा वडिलोपार्जित असावी, माती गावची असावी आणि लाकूड बांधावरचे असावे. आज आपल्यापैकी बहुतेकांना जागेपासून विटेपर्यंत सर्वच विकत घ्यावे लागते, आणि म्हणूनच घराचा पाया जमिनीत खणण्यापूर्वी तो बँकेच्या किंवा पोस्टाच्या पुस्तकात घालावा लागतो.

माझा एक जुना विद्यार्थी करवीर तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. त्याची पत्नीही शिक्षिका आहे. मध्यंतरी दोघे घरी आले आणि त्याने विचारले, "सर, दरमहा १५ हजार रुपये बाजूला पडतात. ५ वर्षांनी घर घ्यायचे आहे. पोस्टात टाकले तर मित्र हसतात आणि म्युच्युअल फंडात टाकले तर वडील रागावतात. काय करू?" मी त्याला म्हटले, "अरे, हसणारे मित्र आणि रागावणारे वडील, दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. तू कोणत्या पैशाविषयी विचारतो आहेस, एवढेच आधी ठरायला हवे." आजचे माझे बोलणे म्हणजे त्याला दिलेल्या उत्तराचाच विस्तार आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. आपण बोलताना बचत आणि गुंतवणूक हे शब्द सरमिसळ वापरतो. मुदत ठेव केली तरी 'पैसे गुंतवले' म्हणतो आणि शेअर घेतले तरी तेच म्हणतो. परंतु भाषेने फरक केव्हाच करून ठेवला आहे. बचत म्हणजे खर्चातून वाचलेली आणि हाताशी असलेली रक्कम. गुंतवणूक हा शब्द 'गुंतणे' या क्रियापदापासून आलेला आहे. दोरा गुंतला की तो आपल्या इच्छेनुसार लगेच सुटत नाही. गुंत्याच्या कलाने घ्यावे लागते. पैशाचेही तसेच असते. गुंतवलेला पैसा वाढतो खरा, पण तो केव्हा सोडवावा हे प्रत्येक वेळी आपल्या हाती राहत नाही. घर घेण्याची तारीख मात्र ठरलेली असते. खरेदीदस्ताचा दिवस, विक्रेत्याने दिलेली मुदत, कर्जमंजुरीची मुदत, यांपैकी कोणीही बाजारासाठी थांबत नाही.

आपल्या जिल्ह्यात पैसा घरी येण्याची रीतही समजून घ्यावयास हवी. नोकरदाराला महिन्याला पगार मिळतो. शेतकऱ्याला मात्र उसाचे बिल हंगामात येते, दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते आणि दिवाळीला दूधसंघाचा फरक हाती पडतो. एकरकमी आलेला पैसा एकरकमीच जातो, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. त्यावर आपल्या माणसांनी काढलेले जुने उपाय दोन. एक भिशी आणि दुसरा गुजरीतील सोने. भिशीने हप्त्याची शिस्त लावली, यात शंका नाही. पण तिच्यामागे विश्वासाखेरीज दुसरे तारण नसते. सोन्याविषयी बोलताना मला जपून बोलले पाहिजे, कारण समोर भगिनीवर्ग मोठा आहे. सोने दीर्घकाळात वाढले, हे खरेच. पण २०१२ साली १० ग्रॅमला ३१ हजारांच्या आसपास असलेला भाव २०१५ मध्ये २६ हजारांच्या आसपास आला होता, हेही तितकेच खरे. त्या ३ वर्षांत ज्यांनी घरासाठी सोने मोडले त्यांना ही घट सोसावी लागली. शिवाय मजुरी आणि घट वजा झाली ती निराळीच. अडचणीच्या वेळी साज आणि पाटल्या उपयोगी पडतात, परंतु घराच्या पहिल्या रकमेचा हिशेब त्यांवर मांडू नये, असे माझे मत आहे.

आता स्वतःची एक चूक सांगतो. २००१ सालापासून मी व आमच्या घरातील मंडळींनी घरासाठी रक्कम जमविण्यास प्रारंभ केला होता. २००४ पर्यंत बँकेत ३ लाख रुपये साठले. त्याच सुमारास एका पतसंस्थेने बँकेपेक्षा २ टक्के अधिक व्याज देऊ केले. संचालक ओळखीचे, कार्यालय रस्त्यावरचे, कर्मचारी आपलेच विद्यार्थी. मी गणिताचा शिक्षक असूनही गणित अर्धेच केले. ३ लाखांवर २ टक्के म्हणजे वर्षाला ६ हजार रुपये जादा मिळतील, एवढे मी मांडले. त्या ६ हजारांसाठी ३ लाख कोणाच्या जबाबदारीवर ठेवीत आहोत, हे मांडले नाही. २००६ मध्ये मी एका घराचे संचकारपत्र करून ५० हजार रुपये दिले आणि ठेव काढावयास गेलो, तेव्हा "पुढच्या आठवड्यात या" असे उत्तर मिळाले. तो पुढचा आठवडा यावयास ९ वर्षे लागली, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. विक्रेत्याने ३ महिने वाट पाहिली. तो भला माणूस होता. त्याने संचकाराची निम्मी रक्कम परत दिली. ते घर दुसऱ्याने घेतले. आमच्या सौभाग्यवतींनी त्याविषयी मला कधी दोष दिला नाही, परंतु त्या रस्त्याने जाताना त्या आजही दुसऱ्या बाजूला पाहतात.

हे सांगण्याचा हेतू सर्व पतसंस्थांना नावे ठेवण्याचा नाही. खेड्यापाड्यांत, जेथे बँक पोहोचली नव्हती तेथे, पतसंस्थांनी लहान माणसाला कर्ज दिले आहे. पण ठेवीदाराने एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. १९६० साली केरळमधील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून देशात ठेव विम्याची व्यवस्था उभी राहिली आणि १ जानेवारी १९६२ पासून ती अमलात आली. प्रारंभी संरक्षण अवघ्या १,५०० रुपयांचे होते. १९९३ मध्ये ते १ लाख झाले आणि फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये आहे. ही मर्यादा दर ठेवीदारास, दर बँकेस, मुद्दल व व्याज मिळून असते. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन ठेवी केल्या तरी त्या एकत्रच मोजल्या जातात. व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका व जिल्हा मध्यवर्ती बँका यांतील ठेवींना हे संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना ते नाही. पोस्टातील ठेवीमागे केंद्र सरकार उभे असते. ज्याची घरासाठीची रक्कम ५ लाखांच्या पुढे जाईल त्याने ती दोन बँकांत विभागावी किंवा काही भाग पोस्टात ठेवावा. आणि दरमहा ५ टक्के, ८ टक्के परतावा देऊ म्हणणारे जे लोक गावोगाव सभा घेतात, त्यांच्याविषयी इतकेच सांगतो की, अशांपासून ठेवीदारांना वाचविण्यासाठी राज्याला १९९९ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. कायदा गुन्हेगाराला पकडतो; पैसा परत येण्यास मात्र वर्षे जातात.

आता त्या शिक्षक दाम्पत्याचा हिशेब. त्यांना हवे असलेले घर ४० लाखांचे आहे असे समजू. ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जासाठी घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणजे ३२ लाख कर्ज आणि ८ लाख पदरचे. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत, तीही पदरचीच. मुद्रांक शुल्क क्षेत्रानुसार बदलते आणि घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास त्यात सवलत आहे. आपण ६ टक्के धरू, म्हणजे २ लाख ४० हजार. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. एकूण १० लाख ७० हजार रुपये हाताशी असल्याखेरीज या घराची पायरी चढता येणार नाही.

योगायोग असा की, दरमहा १५ हजार रुपये ५ वर्षे पोस्टाच्या आवर्ती ठेवीत ६.७ टक्के दराने भरले, तर भरणा ९ लाख होतो आणि हाती सुमारे १० लाख ७० हजार येतात. व्याजावर कर आहे, तो ज्याचा त्याने वजा करावा. हेच पैसे शेअर बाजाराशी निगडित फंडात भरले आणि सरासरी १२ टक्के वाढ झाली, तर हाती सुमारे १२ लाख ३७ हजार येतील. १२ टक्के हे कोणाचे आश्वासन नव्हे. उत्साही लोक हाच आकडा सांगतात म्हणून तो घेतला. म्हणजे सर्व काही मनासारखे झाले तर लाभ १ लाख ६७ हजारांचा. पण शेवटच्या काही महिन्यांत बाजार ३० टक्के उतरला तर? १२ लाख ३७ हजारांचे ८ लाख ६६ हजार होतील, म्हणजे भरलेल्या ९ लाखांहूनही कमी. घर तर हातचे जाईलच.

३० टक्के ही माझी कल्पना नव्हे. जानेवारी २०२० मध्ये मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक ४२ हजारांच्या आसपास होता. २३ मार्च २०२० रोजी तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. ही घट सुमारे ३८ टक्क्यांची होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये निर्देशांक पुन्हा जुन्या पातळीवर आला, असे फंडाचे पुरस्कर्ते सांगतात आणि ते खरेच सांगतात. परंतु ज्याचा खरेदीदस्त एप्रिलमध्ये होता, त्याला नोव्हेंबरचा काय उपयोग?

आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळींना युनिट ट्रस्टची १९६४ ची योजना आठवत असेल. कित्येक शिक्षकांच्या घरी ती प्रमाणपत्रे लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी असत. लोक तिला बचतच समजत होते. जुलै २००१ मध्ये या योजनेतील युनिटांची खरेदीविक्री सहा महिन्यांसाठी थांबविण्यात आली, तेव्हा आपण बचत नव्हे तर गुंतवणूक केली होती, हे अनेकांना प्रथमच कळले.

येथवर ऐकून कोणास वाटेल की, हे गृहस्थ गुंतवणुकीच्या विरोधात आहेत. मुळीच नाही. हाच हिशेब १५ वर्षांचा करून पाहा. दरमहा तेच १५ हजार. भरणा २७ लाख. ६.७ टक्क्यांनी सुमारे ४६ लाख ४० हजार होतात, १२ टक्क्यांनी सुमारे ७५ लाख ७० हजार. आता शेवटी बाजार ३० टक्के उतरला असे धरले, तरी ५३ लाख उरतात; म्हणजे पोस्टापेक्षा अधिकच. पुढील १५ वर्षे १२ टक्केच मिळतील असे कोणी लिहून देणार नाही, पण मुदत लांबली की पडझड सोसण्याइतका मांस-मेद अंगावर चढलेला असतो, हे यावरून दिसते. त्यामुळे प्रश्न फंड चांगला की पोस्ट चांगले, असा नसून पैसा लागणार केव्हा, असा आहे. माझा ठोकताळा साधा आहे. ३ वर्षांच्या आत लागणारा पैसा बाजाराजवळ नेऊच नये. ५ वर्षांचा असेल तर बहुतांश भाग ठेवीत असावा. १० वर्षांहून दूरचा असेल, तर तो सर्वच्या सर्व ठेवीत निजवून ठेवणे हेही नुकसानच. आणि घेण्याचे वर्ष तीनवर आले की बाजारातील रक्कम टप्प्याटप्प्याने ठेवीत आणावी.

या नुकसानीची जाणीव माझ्या पिढीला उशिरा झाली, त्यालाही कारण आहे. १९८६ पासून २००० च्या आरंभापर्यंत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर १२ टक्के व्याज होते. ६ वर्षांत पैसा दुप्पट होत असे, तेव्हा दुसरीकडे पाहण्याची गरजच नव्हती. एप्रिल २०२० पासून तो दर ७.१ टक्के झाला, म्हणजे दुपटीस १० वर्षे. आमच्या काळचा उपदेश नव्या शिक्षकाला जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळे. थांबण्यालाही किंमत असते. ४० लाखांचे घर दरसाल ५ टक्क्यांनी महागले, तर ५ वर्षांनी ते ५१ लाखांचे होते, आणि पदरच्या १० लाख ७० हजारांचे साडेतेरा लाखांहून अधिक होतात. या दाम्पत्याने म्हणूनच दरवर्षी वेतनवाढ झाली की हप्ताही वाढवावा, किंवा घराची अपेक्षा एका खोलीने कमी करावी. यावर तिसरा उपाय मला सुचलेला नाही.

थोडे अधिक कर्ज काढून लगेच घर का घेऊ नये, असेही विचारले जाते. ३२ लाख कर्ज, ९ टक्के, २० वर्षे. हप्ता सुमारे २८ हजार ८०० रुपये आणि एकूण फेड ६९ लाखांच्या घरात. हेच कर्ज २८ लाख असते, तर एकूण फेड साडेसाठ लाखांच्या आसपास राहिली असती. आरंभीचे ४ लाख रुपये शेवटी साडेआठ लाखांहून अधिक वाचवितात. कर्ज अंगावर असताना ९ टक्क्यांचे कर्ज लवकर फेडणे, हीच पुष्कळांना मिळू शकणारी सर्वांत खात्रीची गुंतवणूक असते, आणि तिच्यावर कर नाही. करसवलतीसाठी कर्ज ठेवावे, असे सांगणाऱ्यांनी नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, हेही सांगावे.

शिक्षक व कर्मचारी बंधूंना एक विशेष सूचना. सर्वसाधारणपणे १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांना भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढता येत असे, आणि अनेकांची घरे त्यावरच उभी आहेत. त्यानंतरच्यांना अंशदायी निवृत्तिवेतन लागू झाले. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतून घरासाठी काढता येणारा भाग स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंतच, आणि तोही अटींवर. वडील शिक्षकाने जसे घर बांधले तसे मलाही बांधता येईल, असा समज तरुणांनी ठेवू नये.

आता पंचायत सदस्यांकडे वळतो, कारण या विषयाची एक बाजू त्यांच्या हाती आहे. आपल्याकडे घरासाठी जमलेला पैसा पुष्कळदा फंडातही जात नाही आणि बँकेतही राहत नाही. तो शहरालगतच्या गावात गुंठा दोन गुंठे जागेत जातो. पाचगाव, कळंबा, उचगाव या बाजूंना ज्यांनी वेळेवर जागा घेतली त्यांचे भले झाले, हे सर्वांनी पाहिले आहे. पण त्याच वेळी शेतजमिनीचे तुकडे पाडून, रस्ता कागदावर दाखवून, केवळ नोटरीपुढील कागदावर विकलेल्या जागांत अडकलेली कुटुंबेही आपण पाहिली आहेत. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला, यावरूनच या दुखण्याचा विस्तार कळतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे सदस्यांनी येणाऱ्या प्रत्येकास समजावून सांगावे. सातबारा, फेरफार, मंजूर रेखांकन आणि बिगरशेती वापराची अधिकृतता पाहिल्याशिवाय संचकार देऊ नये. सदनिका घेणाऱ्याने प्रकल्पाची महारेरा नोंदणी पाहावी. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास घेता येत नाही.

आणि आपल्या जिल्ह्यात आणखी एक कागद पाहावा लागतो, तो पूररेषेचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. चिखली, आंबेवाडीकडे आणि शिरोळ तालुक्यात काय झाले, ते येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. जागा स्वस्त मिळते तेव्हा ती का स्वस्त आहे, हे उन्हाळ्यात पाहून कळत नाही. निळ्या व लाल रेषेचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कायम लावलेला असावा, अशी माझी विनंती आहे. त्याला फारसा खर्च नाही. एका भिंतीवर २०२१ च्या पाण्याची खूण एका सदस्याने स्वतः रंगाने काढून ठेवलेली मी पाहिली. ग्राहक घेऊन येणारे दलाल त्या भिंतीवर फार नाराज असतात, असे ते हसत सांगत होते.

त्या शिक्षक दाम्पत्याचे पुढे काय झाले, असे सकाळी एका भगिनीने विचारले. त्यांनी पोस्टात दोघांच्या नावे १४ हजारांची आवर्ती ठेव सुरू केली आणि पगार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती भरावयाची, असे ठरविले. उरलेले १ हजार रुपये त्याने फंडात चालू ठेवले आहेत. वडिलांनी विचारले, तेव्हा ते पैसे नातीच्या शिक्षणासाठी आहेत, असे त्याने सांगितले. नात सध्या बालवाडीत आहे.